अजून किती चालेल?

सकाळी 7

शटर वर केलं की पहिला मान कॉम्प्रेसरचा. टाकीच्या तळाला रात्रीतून साचलेलं पाणी सोडून द्यायचं, मग मोटर चालू करायची. पावसाळ्यात हे पाणी जरा जास्तच निघतं. बाहेर हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबईच्या गाड्या पहाटेपासून लागल्यात. काही सरळ लांजा-राजापूरकडे जातात, काही रत्नागिरीत उतरतात, कोल्हापूरकडचे पाली, साखरपा करत आंबा घाट धरतात. गणपती चार दिवसांवर आलेत.

एरवी माझं दुकान पंक्चरवर चालतं. या आठवड्यात मात्र वेगळ्याच मोटारसायकली येतात. मालक मुंबईला, गाडी गावाला. मे महिन्यात आंब्याच्या धावपळीत वापरलेली, मग पावसाआधी पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला ताडपत्री घालून ठेवलेली. चाकरमानी उतरतो, किक मारतो, गाडी ढिम्म. मेकॅनिक प्लग साफ करतो, कार्बोरेटर सोडवतो, बॅटरी चार्जिंगला लावतो आणि जाता जाता सांगतो, "टायरला भेगा पडल्यात, तिठ्यावर दाखवून घे." दाखवायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: "अजून किती चालेल?"

याचं उत्तर कुणाकडेच नसतं. भेगाळलेला टायर वर्षभर जाईल किंवा पुढच्या वळणावर बसेल. बाहेरून बघून तारीख काढता येत नाही. मला सांगता येतं ते एवढंच, की आत्ता या गाडीवर माणूस बसवून ती इथून सोडायची की नाही.

सकाळी 8

पहिली स्प्लेंडर. मालक पहाटेच्या गाडीने उतरलाय, डोळ्यांत झोप आहे. गाडी मेन स्टँडवर घेतो. दुकानातला पोरगा साबणाच्या पाण्याने दोन्ही टायर धुतो, फडक्याने कोरडे करतो. चिखलाखालचा टायर बघायचा नाही, हा दुकानाचा नियम. मग हातातला बल्ब बाजूने धरायचा, म्हणजे भेगेची सावली पडते, आणि चाक हाताने हळूहळू फिरवायचं. आधी एक बाजू, मग दुसरी. त्यानंतर बटणांच्या मधल्या खाचा, आणि शेवटी रिमला बसणारी तारेची कड.

पुढच्या टायरवर केसासारख्या बारीक रेघा आहेत, भातखाचर उन्हाळ्यात तडकतं तशी जाळी. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

"ही बाजू उन्हाकडे होती का?"

"हो वो, पडवीला तिकडून ऊन येतं दुपारचं."

दोन्ही अंगठ्यांनी भिंत दाबून वाकवतो. रेघा ताणल्या तरी उघडत नाहीत, तळ काळाभोर दिसतो. वरच्या कातडीचं दुखणं आहे, आत गेलेलं नाही. फोड नाही, कुठे कापलेला नाही, खाचाही चांगल्या खोल आहेत. पुढचा पास.

मागचा बघताना पोरगाच थांबला. याची हवा आषाढातच कधीतरी गेली असणार. गाडी साइड स्टँडवर, वजन सगळं दुमडलेल्या भिंतीवर, असे दोन महिने गेलेले. जिथे घडी पडली तिथे रिमला समांतर बोटभर लांबीची चीर. वाकवली तर तोंड उघडते आणि आत फिकट धागे दिसतात. टायरचं खरं बळ याच नायलॉनच्या धाग्यांत असतं. रबर हवा-पाण्यापासून राखतं आणि रस्ता धरतं. वजन पेलणारं कापड आतलं. ते दिसलं की माझ्याकडून विषय संपतो. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 94 वा नियम सांगतो की टायरचं आतलं कापड झिजून किंवा कापून कुठेही उघडं पडलेलं नसावं.

मालक चक्रावलाय. "गाडी तर वापरलीच नाही. मग टायर गेला कसा?"

हा प्रश्न या आठवड्यात सगळेच विचारतात, आणि तो चांगला आहे. हवेत ओझोन असतो, अगदी थोडा, पण असतो. ताणलेल्या रबराच्या लांब साखळ्या तो तोडतो. म्हणून भेगा पडतात त्या जिथे रबर ताणलेलं असतं तिथे: भिंतीवर, खाचांच्या तळाशी, घडीवर. टायर बनवताना रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, सुटतो, तसं ते मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि पातळ थर धरतं. उभ्या गाडीचा टायर दबत-सुटत नाही, मेण वर येत नाही, आणि जुना थर ऊन-पावसाने निघून जातो. रोज चालणारा टायर झिजून जातो, ठेवलेला टायर तडकून जातो.

"मग असं करू. साइज दोन्हींचा एकच आहे, 2.75-18. पुढचा मागे घाला, नवा पुढे टाका."

साइजच्या पुढचे आकडे त्याला दाखवतो. पुढच्या टायरवर 42पी, मागच्यावर 48पी. पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग, तो सारखाच. पण 42 म्हणजे 150 किलोचा भार आणि 48 म्हणजे 180 किलोचा. मागे बायको, मांडीवर पोर, हँडलला पिशव्या अशी गाडी गणपतीत फिरणार. पुढचा टायर मागचं काम करायला बनलेलाच नाही. मागे नवा टायर, नवी ट्यूब, नवा व्हॉल्व्ह घालून दिला. पुढचा शिमग्याला परत दाखवायचा, आणि मुंबईला जाताना गाडी मेन स्टँडवर, हवा भरून, उन्हाच्या आड ठेवायची. शेजारी वेल्डिंगचं काम चालत असेल तर तिथे नको. ठिणगीच्या जागीही ओझोन तयार होतो.

सकाळी 10

शाळेतल्या बाई स्कूटर घेऊन आल्या. पेट्रोल पंपावर कुणीतरी सांगितलं, "मॅडम, मागचा टायर फाटलाय, घाट उतरू नका." त्यांनी पैसे काढूनच आणलेत.

खाचांच्या तळाशी उभ्या-आडव्या रेघा आहेत खऱ्या. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचतो. लंबगोल चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन वर्षांचा टायर. खोली मोजायची दांडी खाचेत लावली तर 3 मिलिमीटर शिल्लक. दुचाकीला कायद्याची मर्यादा 0.8 मिलिमीटरची आहे, आणि ती मोजायला दांडी नसली तरी चालतं: टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' किंवा बारीक त्रिकोण छापलेला असतो, त्या रेषेत खाचेच्या तळाशी एक छोटा उंचवटा असतो. बटणं झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. बाईंचा तिथपासून खूप दूर आहे.

भेगेत पिनेचं टोक अडकत नाही. कापड बरंच खाली आहे. भिंत स्वच्छ.

"चालवा. नवीन नको."

"नक्की ना? मी घ्यायलाच आले होते."

नवा टायर विकला असता तर सकाळ भरून निघाली असती. पण बऱ्या टायरला मी आज बाद ठरवलं, तर उद्या खरोखर बाद टायरला बाद म्हटल्यावर कोण ऐकणार? फक्त हवा बघितली. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी. कमी हवेत भिंत प्रत्येक फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त वाकते, आतून तापते, आणि ज्या भेगा आज वरवर आहेत त्यांना खोल जायला वाट मिळते. हवा भरली, दर पंधरवड्याला गाडी गार असताना बघायला सांगितलं. या गाडीची कमाई: हवेचे पैसे.

दुपारी 11:30

कॉलेजचा मुलगा आणि त्याचा मित्र. जुनी गाडी घेतायत, विकणारा सोबत आहे. टायर असे चकचकीत की शोरूममधून काढल्यासारखे.

पोऱ्याला खूण केली. त्याने साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेतला. विकणारा म्हणाला, "अहो, कालच धुतलीय." धुतली नव्हती, पॉलिश मारलं होतं. काळं पाणी ओघळलं तशा खालून भेगा वर आल्या. भेगा बुजवायला पॉलिशइतकं स्वस्त काही नाही. त्यातलं पेट्रोलियमवालं पॉलिश तर टायरला राखणारं मेणही सोबत घेऊन जातं. रॉकेलने टायर पुसणारे लोक गावोगाव आहेत. त्यांच्याही टायरची हीच गत होते. रॉकेल आणि डिझेल रबरात मुरतात, रबर फुगतं आणि मऊ पडतं. टायरला साबणाचं पाणी पुरे.

आता आकडे. मागच्यावर 0822, म्हणजे 2022 चा आठवा आठवडा, फेब्रुवारी. पुढच्यावर 2316, म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा, जूनचा. गाडी 2016 चीच. पुढचा टायर कारखान्यातून आला तो अजून बदललेला नाही.

"पण बटणं बघा ना," विकणारा म्हणाला.

बटणं आहेत. पण अंगठ्याचं नख रुतत नाही, टायर लाकडासारखा वाजतो. नखाची परीक्षा कुठल्या पुस्तकात नाही, निकालही मी तिच्यावर देत नाही. पण कडक झालेलं रबर ओल्या डांबराला धरत नाही, एवढं ती आधीच सांगून जाते. निकाल भिंतीवर लागला: वाकवल्यावर उघडणाऱ्या भेगा, खांद्यापासून खाली सरकलेल्या. पुढच्या चाकावर ब्रेकचा सगळ्यात जास्त भार येतो आणि गाडी वळते तीही त्याच चाकावर. मागचा टायर बसला तर गाडी शेपूट हलवते, सावरायला थोडी संधी असते. पुढचा बसला तर हँडलच हातात राहत नाही.

मी सौद्यात पडत नाही. कागदावर दोन्ही टायरचे आकडे लिहून दिले, पुढच्यासमोर 'बदलणे' लिहिलं. त्या कागदावर बाहेर त्यांची घासाघीस बराच वेळ चालली.

दुपारी 1

मासेवाला आला. पहाटे मिरकरवाड्यावरून माल उचलायचा, मागे दोन मोठे क्रेट, बर्फासकट, आणि पाली ते साखरपा वाड्यावाड्यांतून हाक मारत जायचं. टायर तसा नवा. तक्रार वेगळीच: ट्यूब वारंवार पंक्चर, आणि कडेला चीर.

चाक काढलं, टॉमीने टायर सोडवला. आतून रबराची भुकटी पडली. टायर कमी हवेत पळवला की भिंत आतल्या आत घासली जाते, तिची ही भुकटी. रिमच्या आत गंजाचे पापुद्रे. बर्फाचं खारं पाणी स्पोकमधून रोज आत झिरपतं. रिम आणि ट्यूबच्या मधली पट्टी कुजलीय, पापुद्रे ट्यूबला टोचतायत. आणि तारेच्या कडेला, जिथे टायर रिमवर बसतो तिथे, गंजाने रबर खाल्लंय. बाहेरून जी बारीक चीर दिसते, ती आतून तारेपर्यंत पोचलीय.

"आतून ठिगळ लाव ना मामा. दोन महिने काढू दे."

पूर्वी सगळेच लावत. जुन्या टायरचा तुकडा कापून आतून बसवला की चीर झाकली जाते आणि ट्यूब बाहेर डोकावत नाही. पण ठिगळ भार उचलत नाही, आणि त्याची कडाच ट्यूबला घासत राहते. क्रेट, बर्फ, मासळी, माणूस, आणि वर गाडीचं स्वतःचं वजन: मागच्या टायरची 180 किलोची मर्यादा त्याच्या क्रेट भरण्यात रोज संपते. तारेची कड गेलेल्या टायरवर हे वजन घालून मी त्याला सोडणार नाही.

रिम घासून घेतली, रंग मारला, नवी पट्टी टाकली. टायर उधारीवर. याची उधारी बुडत नाही, कधी पैशात फिटते, कधी बांगड्यात. त्याला सांगितलं, घरी गेल्यावर चाकावर गोडं पाणी मार, आणि एक क्रेट कमी कर. पहिलं तो करेल.

दुपारी 2:15

डबा. भाकरी, कुळथाची पिठी. पोरगा एका हाताने जेवतो, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला हवेची नळी देतो.

दुपारी 3

मुंबईहून गोव्याला निघालेली चार मोठ्या गाड्यांची टोळी. एकाला मागे खड्डा चुकला नाही. टायर ट्यूबलेस, बटणं झकास, दोनच वर्षांचा. भेग म्हणावी अशी एक रेघ, भिंतीवर, आणि तिच्याखाली सुपारीएवढा फुगा.

सकाळपासून बघितलेल्या सगळ्या भेगांत ही सगळ्यात लहान, आणि सगळ्यात वाईट. खड्ड्याच्या कडेने भिंत रिमवर चेपली, आतले धागे तुटले, आता हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलतेय.

"पंक्चरची पट्टी टाकून होणार नाही?"

पट्टी फक्त मधल्या पट्ट्यातल्या भोकाला, तीही खिळ्याएवढ्या. भिंतीला पट्टी चालत नाही, कारण भिंत सतत वाकते.

"मग आत ट्यूब टाकून द्या. पणजीला गेल्यावर बदलतो."

ट्यूब हवा धरते, टायर ट्यूबला धरतो. तुटलेल्या धाग्यांच्या आत ट्यूब टाकली तर ती त्याच फुग्यातून बाहेर यायला बघणार, आणि ट्यूब फुटली की हवा एका दमात जाते. मित्र हसून म्हणाला, "दोनशे-अडीचशे किलोमीटरच तर आहे." मी त्याला म्हटलं, "मग तुझी गाडी याला दे, याच्यावर तू बस." तो गप्प झाला.

हा साइज माझ्याकडे नसतो. रत्नागिरीत दोन ठिकाणी फोन केले, एकाकडे निघाला. दोघे टायर आणायला गेले, दोघे चहा पीत बसले. नवा बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघितला, हवा भरून कडेची बारीक रेघ रिमभोवती सगळीकडे सारखी आली का ते तपासलं. निघताना ताकीद: नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीतपणा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणं बेताने घ्या.

संध्याकाळी 5

बुलेटवाले काका. गाडी जिवापाड जपलेली, क्रोम असं की त्यात तोंड बघावं. टायर 3.25-19, आकडे 1411. बटणं जवळजवळ पूर्ण.

"पाच हजारसुद्धा चालली नसेल या टायरवर. भेगा आहेत, पण मुंबईचा माझा भाचा म्हणतो, तुम्हाला दाखवून घ्या."

2011 च्या एप्रिलमधला टायर. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी, कितीही नवा दिसला तरी, उतरवा. काकांच्या टायरचं बाहेरचं चित्र सकाळच्या स्प्लेंडरच्या पुढच्या टायरपेक्षा फार वाईट नाही. फरक वाकवल्यावर कळतो. भेग ताणली की तळाशी काळं, ओलसर रबर दिसायला हवं. इथे करडी पूड दिसते, आणि बटणांच्या मुळाशी भेगा एकमेकींना जोडत चाललेल्या.

"बाद आहेत, काका. दोन्ही."

"अहो, मी काय घाटात नेतो का? देवळापर्यंत आणि बाजारापर्यंत."

"बाजाराच्या रस्त्यावर एसटी येते ना समोरून?"

त्यांना पटलं नाही. वापरलेला टायर बाद झाला तर माणूस समजतो. न वापरलेला बाद झाला की त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. नवा घेतला तरी तोही असाच उभ्या-उभ्या जाणार, हे त्यांचं म्हणणं खोटंही नाही. मी म्हटलं, "मग गाडी चालवा. आठवड्यातून एकदा पालीपर्यंत जाऊन या. टायरलाही बरं, इंजिनलाही." ते हसले, विचार करतो म्हणाले, आणि हवा भरून मागितली.

हवा मी भरली. बाद टायरवर कमी हवा म्हणजे धोका दुप्पट, आणि गाडी अडवून ठेवायचा अधिकार मला नाही. पण त्यांच्यासमोर वहीत लिहिलं: गाडीचा नंबर, 1411, 'बदलायला सांगितले'. आणि त्यांच्या भाच्याचा नंबर घेतला. फोन मी आज रात्रीच करणार.

संध्याकाळी 7

पाऊस उभा राहिला. या वेळेला येतात ती नुसती पंक्चरं आणि घाई. अंधारात, ओल्या टायरवर, कुणी गाडीवरून न उतरता विचारतो, "जरा बघा हो, भेगा आहेत, चालेल ना?" मी म्हणतो, उतरा, पाच मिनिटं आत घ्या, पुसू द्या. बहुतेक निघून जातात. थांबतात त्यांचा टायर बघतो. पावसात भेग बघायची नसते हे खरं, पण पावसातच ती बघायला लोक येतात.

रात्री 8:15

भंगारवाला टेम्पो घेऊन आला. दिवसाभरात उतरवलेले टायर एका कोपऱ्यात आहेत. ते त्याला देण्याआधी एक काम उरतं. मोठी कातरी घ्यायची आणि प्रत्येक टायरची भिंत आरपार, तारेपर्यंत कापायची.

भंगारवाला दर वेळी कुरकुरतो. "अख्खा दे की. अख्ख्याला जास्त मिळतात."

त्याचं बरोबर आहे. अख्ख्या टायरला गिऱ्हाईक असतं, म्हणून तर जास्त मिळतात. वरून पॉलिश मारायचं, तडकलेली बाजू आतल्या अंगाला फिरवायची, आणि टायर कुणाच्या तरी गाडीला 'थोडा वापरलेला' म्हणून लागतो. मग तो माणूस इथेच येतो आणि मला विचारतो, अजून किती चालेल. दिवसभर ज्याला 'नाही' म्हटलं त्याला रात्री वजनावर 'हो' म्हणायचं नसेल, तर कातरी चालवायलाच हवी.

स्प्लेंडरचा कापला, मासेवाल्याचा कापला, मोठ्या गाडीचा कापायला पोरग्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. भंगारवाल्याने वजन केलं, कापलेल्याच्या भावाने पैसे दिले. शटर ओढण्याआधी काकांच्या भाच्याला फोन लावला. त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "तसे किती दिवस काढता येतील?" मी म्हटलं, "उद्या सकाळी दोन्ही टायर मागवतो. 3.25-19. काकांना तू सांग."